ओल कोठून येते? घर-दुकानातील लपलेल्या गळतीचा शोध

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यात माणसाला आगीची भीती असते, उंदरांची असते, उधारी बुडण्याची तर रोजचीच असते. ओलीची भीती मात्र फारशी कोणी बाळगत नाही. आग एका रात्रीत दिसते, ओल दोन-दोन वर्षे दिसत नाही. लग्नसराईत रॅकच्या तळाचा तागा ओढावा, गिऱ्हाईकासमोर उलगडावा, आणि घडीच्या रेघेवर काळे ठिपके निघावेत, तेव्हा कळते की भिंत आपल्या आधीपासून माल पीत होती. सुती कापडाचा मिजाज असा की ते साध्या हवेतही आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असते. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून ओलसर भिंतीला टेकलेल्या मालात आधी सुती लुगडी, पांढरे मांजरपाट आणि मलमल जाते. सिंथेटिक साडी वाचते, पण तिच्यातला पुठ्ठा फुगतो आणि खोक्याला वास मारतो. तो वास गेलेला आम्ही तरी पाहिला नाही.

या लेखात गळती बुजविण्याविषयी थोडेच सांगणार आहोत. बुजविणारे गवंडी व प्लंबर पुष्कळ आहेत. गळती नेमकी कोठे आहे, हे ठरविणारा माणूस दुर्मिळ आहे, आणि पैसा तेथेच वाया जातो.

आमच्या कुंभार पिंपळगावसारख्या बाजाराच्या गावात तीन पिढ्यांची बांधकामे शेजारी-शेजारी उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या भिंती व माळवदाची जुनी घरे, पत्र्याची दुकाने, आणि अलीकडे खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा स्लॅबच्या इमारती. पूर्वी घरात पाणी हंड्याने येई आणि रांजणात राही. तेव्हा घर गळे ते फक्त पावसाळ्यात. आता गच्चीवर टाकी, भिंतीत नळ, वरच्या मजल्यावर न्हाणी व संडास. म्हणजे पाणी बारा महिने आपल्या डोक्यावर व भिंतींच्या पोटात फिरते आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला, २०१२-१३ चा आम्ही सर्वांनी पाहिला. त्या साली जालना जिल्ह्यात टँकरच्या मागे धावणारी घरे आणि त्याच घरांत रात्रभर गळणारे संडासाचे फ्लश, दोन्ही एकाच गल्लीत होते.

प्रथम शब्दांकडे लक्ष द्यावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे टपकना वेगळे, रिसना वेगळे आणि सीलन वेगळी. मराठीतही गळणे, पाझरणे, झिरपणे, ओल चढणे हे चार वेगळे शब्द आहेत, आणि जुन्या लोकांनी ते उगाच केलेले नाहीत. थेंब-थेंब गळत असेल तर पाण्याला मोकळी वाट सापडलेली आहे. पाझरत असेल तर बारीक भेग किंवा सुटलेला सांधा आहे. माठासारखा सगळा पृष्ठभाग घाम धरत असेल तर पाणी पदार्थाच्या छिद्रांतून येत आहे. आणि ओल जमिनीकडून वर चढत असेल, तर नळाचा व गच्चीचा संबंध बहुधा नाहीच. गवंड्याला बोलावून “भिंत गळते” एवढेच सांगितले की तो गच्चीवर सिमेंटचे पाणी ओततो. चौघांपैकी कोणते ते आपण आधी पाहून सांगावे.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्या मते लपलेली गळती शोधण्याचे सर्वांत मोठे हत्यार म्हणजे एक वही आणि एक शिसपेन्सिल. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारावी, रेघेवर तारीख लिहावी. सकाळी, दुपारी, रात्री डाग पाहावा आणि वहीत टिपावे की त्या दिवशी पाऊस होता का, नळाला पाणी आले का, मोटार कधी चालली, कपडे कधी धुतले, घरात पाहुणे किती होते. आठ-दहा दिवसांत चित्र उभे राहते. दिवस-रात्र सारखी ओल असेल तर दाबाखालचा नळ, म्हणजे टाकीपासून तोटीपर्यंतची लाइन संशयित. आंघोळी, धुणी-भांडी झाल्यावर वाढून नंतर मंदावत असेल तर सांडपाण्याचा नळ किंवा न्हाणीची जमीन. पावसानंतरच येत असेल तर गच्ची, कठडा, खिडकीची चौकट, पत्रा. यात एक अडचण ध्यानात ठेवावी. वरच्या मजल्यावरील न्हाणीखाली स्लॅब खोलगट टाकून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. ही भर स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. त्यामुळे मूळ गळती बंद झाल्यावरही खाली आठवडे-आठवडे थेंब पडत राहतात, आणि माणूस समजतो की इलाज फसला.

वहीचे महत्त्व किती, ते आमच्या बाजारपेठेतल्या एका इमारतीवरून कळावे. नावे सांगण्याचे कारण नाही. खाली तयार कपड्यांचे दुकान, वर एक कुटुंब. दुकानाच्या छताला, बरोबर वरच्या न्हाणीखाली, थाळीएवढा डाग. दुकानदाराने साहजिकच वरच्यांना बोल लावला. वरच्यांनी भांडण नको म्हणून न्हाणीच्या फरश्या उखडल्या, नवा नहाणी ट्रॅप बसविला, जलरोधक रसायन घातले. तीस हजारांच्या वर खर्च झाला. चार महिने वाट पाहिली, डाग तसाच. आता दुकानदार म्हणे, काम खोटे केले. वरचे म्हणत, तुमचाच स्लॅब कच्चा आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरी शिरखुर्मा व फराळाची ताटे जाणारी ही दोन घरे, जिन्यात समोरासमोर आली तर मान वळवू लागली. प्रकरण बाजारातल्या चार बुजुर्गांपर्यंत आले, आणि त्यांत आम्हीही होतो.

आम्ही कोणाची बाजू घेतली नाही. दोघांना एकेक वही दिली. दुकानदाराने डाग टिपावा, वरच्यांनी पाण्याचा वापर टिपावा, आणि एकमेकांना दाखवू नये, असे ठरले. पंधरवड्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मधले चार दिवस वरचे कुटुंब लग्नासाठी परभणीला गेले होते. घराला कुलूप, न्हाणीत थेंबभर पाणी नाही. आणि दुकानदाराच्या वहीत त्याच चार दिवसांत डाग सर्वांत जास्त वाढलेला! सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तो ओला होई, दुपारनंतर सुकत जाई. न्हाणी निर्दोष ठरली. मग सकाळी नऊ वाजता इमारतीत होते काय? उत्तर दुकानदाराने स्वतःच दिले. मोटारीचे बटन त्याच्या दुकानात होते. दुकान उघडले की तो मोटार सुरू करी, आणि वरून कोणी “भरली” म्हणून हाक मारली की बंद करी. चार दिवस हाक मारायला कोणी नव्हते.

गच्चीवर गेलो तेव्हा उलगडा झाला. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह जागेवर अडकलेला. भरून वाहणारे पाणी तोकड्या नळीतून गच्चीवर पडे, उताराने कोपऱ्यातील पन्हाळीच्या तोंडाशी जाई. पन्हाळीचा नळ भिंतीत गाडलेला होता आणि पहिल्या स्लॅबच्या पातळीवर त्याचा सांधा सुटलेला होता. तेथून पाणी न्हाणीखालच्या विटांच्या भरीत शिरे आणि तिच्या सर्वांत खोल जागेतून दुकानात उतरे. खात्री करण्यासाठी पन्हाळीच्या तोंडात बादलीभर लाल रंगाचे पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी डागाची कड गुलाबी झाली. फ्लोट व्हॉल्व्ह बदलला, वाहत्या पाण्याला लांब नळी जोडून ती इमारतीबाहेर सोडली, भिंतीतला नळ बंद करून नवा बाहेरून घेतला. दोघांनी मिळून खर्च केला तो फरश्यांच्या खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतकाही नव्हता. फरश्यांचे पैसे मात्र वरच्या कुटुंबाला कोणी परत दिले नाहीत. दुकानदाराने त्यांच्या मुलीच्या लग्नाचे कापड नफा न घेता दिले, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

या प्रकरणातून तंत्राची एक गोष्ट निघते. डाग जेथे दिसतो तेथे गळती असतेच असे नाही. पाणी स्लॅबच्या सळईबरोबर, विजेच्या वायरीच्या नळीतून, पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवरून चालत जाते आणि सर्वांत सखल जागा पाहून खाली उतरते. पत्र्याच्या दुकानात हे लवकर समजते. भोक असते माथ्यावर आणि थेंब पडतो गल्ल्यावर. अशा वेळी भर उन्हात दुकानाची दारे बंद करून आत अंधार करावा. प्रकाशाचा ठिपका दिसेल तेथे खडूने खूण करावी. जेथे प्रकाश दिसत नाही पण थेंब पडतो, तेथे पत्र्यांची जोड किंवा हुकाखालची डांबरी चकती वाळून फाटलेली असते. वायरीच्या नळीतून पाणी येऊन दिव्याच्या किंवा पंख्याच्या डब्यातून गळत असेल तर शोध नंतर करावा, आधी मुख्य बटन बंद करावे.

आता रंगाच्या परीक्षेविषयी. रंग हा आमच्या धंद्याचाच विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पुष्कळ लोक घरातली जुनी नीळ भुकटी पाण्यात टाकतात आणि खाली काही निळे निघाले नाही म्हणून गळती नाही असा निकाल देतात. नीळ भुकटी पाण्यात विरघळत नाही, तिचे कण नुसते तरंगतात. बारीक भेगेत सिमेंट व वाळू त्या कणांना गाळून घेते आणि पाणी स्वच्छ होऊन खाली येते. परीक्षेला विरघळणारा रंग पाहिजे. मिठाईवाल्याकडचा खाण्याचा लाल रंग चांगला. विहिरीत टाकतात ते लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, स्वच्छ पाण्याच्या टाकीच्या बाहेरील जागांसाठी चालते, पण मोरीत घाण असते, तेथे ते तपकिरी पडून फिके होते. हळद तर बिलकूल नको. ती पाण्यात नीट उतरत नाही, आणि चुन्या-सिमेंटच्या संगतीने पिवळी न राहता लालसर होते. शर्टावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तोच प्रकार. दोन जागांवर संशय असेल तर एकाच दिवशी दोन रंग ओतू नयेत. एक रंग टाकून दोन-तीन दिवस वाट पाहावी, मग दुसरा.

सर्वांत सोपी रंगपरीक्षा संडासाच्या फ्लशची. टाकीत रंग टाकावा, अर्धा तास कोणी फ्लश ओढू नये. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप धरत नाही. ही गळती आवाज करीत नाही, भिंत ओली करीत नाही, फक्त टाकी रिकामी करते. थेंबांचा हिशेबही ऐकावा. तोटीतून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसात सुमारे वीस लिटर जातात, वर्षाला सात हजारांवर.

न्हाणीची जमीन तपासायची असेल तर उखडण्याआधी पाणी तुंबवून पाहावे. नहाणी ट्रॅपचे तोंड ओल्या कापडाच्या बोळ्याने व प्लास्टिकने घट्ट बंद करावे, इंचभर पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि चोवीस तास न्हाणी वापरू नये. पातळी उतरली व खाली ओल वाढली तर जमिनीचा थर किंवा जमीन-भिंतीचा कोपरा फुटलेला आहे. पातळी टिकली, आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर खाली ओल आली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्यापुढच्या नळाच्या सांध्यात आहे. दोन्ही वेळा खाली काहीच झाले नाही तर भिंतीत गाडलेले नळ तपासावेत. या क्रमाने गेल्यास फरशी फोडण्याची पाळी आली तरी एकाच कोपऱ्यात येते. आमचा अनुभव असा की जमिनीपेक्षा ट्रॅपभोवतीचा सांधाच अधिक वेळा दगा देतो, कारण तेथे प्लास्टिक आणि सिमेंट यांची गाठ असते आणि ही दोघे एकमेकांना कधीच मनापासून धरत नाहीत.

भिंतीतल्या नळासाठी जेथे मीटर आहे तेथे काम सोपे. सर्व तोट्या बंद करून आकडा लिहावा, दोन तासांनी पुन्हा पाहावा. आकडा सरकला तर कोठेतरी गळती आहे. आपल्या गावांत बहुतेक घरी मीटर नाही, पण टाकी आहे, आणि टाकी हेच मीटर समजावे. पहिल्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करावी व सकाळी पाहावी. पातळी उतरली तर टाकीच गळते. टिकली, तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून घरातल्या सर्व तोट्या बंद कराव्यात. आता पातळी उतरली तर गळती नळात, तोटीत किंवा फ्लशमध्ये. तिसऱ्या रात्री फ्लशची व न्हाणीची वेगवेगळी चावी असेल तर एकेक बंद करून पाहावे. तीन रात्रींत घराचा कोणता भाग दोषी ते बिनखर्चाने समजते.

जमिनीतल्या हौदाला हीच रीत, पण तेथे आणखी एक खुबी आहे. हौद भरून झाकण लावावे, पाणी येणारा व जाणारा मार्ग बंद करावा, आणि पातळी उतरू द्यावी. रोज खूण करीत जावे. भेग भिंतीत असेल तर पाणी त्या भेगेपर्यंत उतरते आणि तेथे थांबते. ज्या उंचीवर थांबले तेथे चारही भिंतींवर बोट फिरवून पाहावे, भेग बहुधा त्याच रेषेत सापडते. पाणी थांबतच नसेल तर दोष तळात. पाच फूट लांब व पाच फूट रुंद हौदात पातळी एक इंच उतरली तर सुमारे ५९ लिटर पाणी गेले असे समजावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसी रोजचे प्रमाण ५५ लिटर धरले आहे. म्हणजे इंचभर पाणी हा एका माणसाचा पूर्ण दिवस झाला. मशिदीतल्या वजूच्या हौदाची व तोट्यांची परीक्षाही अशीच इशाच्या नमाजनंतर सुरू करून फज्रच्या आधी पूर्ण करता येते. मध्ये कोणी वापर करीत नाही.

नळाचा कान घेऊन शोध करणे ही जुनी विद्या आहे. बाजार शांत झाल्यावर लांब पेचकस नळाला टेकवावा आणि मूठ कानाशी धरावी. दाबाखाली फुटलेल्या जागी सूं-सूं असा बारीक आवाज असतो, जवळ गेल्यावर तो वाढतो. नगरपालिकांचे जुने लाइनमन रस्त्यावर लोखंडी कांब टेकवून याच रीतीने फुटलेली लाइन शोधत. त्याहून पक्की परीक्षा दाबाच्या पंपाची. लाइनची सर्व तोंडे बंद करून हाताच्या पंपाने आत नेहमीच्या दीडपट दाब भरतात आणि काटा पाहतात. काटा टिकला तर लाइन शाबूत. नव्या घरात गिलावा व फरशी लागण्यापूर्वी ही परीक्षा आपल्यासमोर करून घ्यावी. शहरांत आता उष्णतेचा कॅमेरा घेऊन येणारे लोकही आहेत. ते यंत्र चांगले आहे, पण ते पाणी पाहत नाही. ओली जागा बाष्प सुटल्याने थंड पडते, तो थंडावा पाहते. जागा त्यात दिसते. कारण आपल्यालाच काढावे लागते.

लपविलेल्या पाण्याची विद्या मराठवाड्याला नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. पाणचक्कीच्या नहरीचे पाणीही मातीच्या नळांतून येते, उंच मनोऱ्यात चढते आणि खाली चक्कीच्या पंख्यावर पडते. त्या कारागिरांनी पाणी जमिनीत गाडले, पण वाटेत ठिकठिकाणी तपासणीची व हवेची तोंडे ठेवली. गाडलेल्या नळाला पाहण्याची जागा हवी, ही अक्कल त्यांना होती. आज आम्ही नळ भिंतीत गाडतो, वर फरशी लावतो, आणि प्लंबर गाव सोडून गेला की नळ कोठून गेला हे घरमालकालाही ठाऊक नसते. घर बांधणाऱ्याने निदान एवढे करावे की फरशी लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवावा. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

जमिनीकडून चढणाऱ्या ओलीची ओळख वेगळी. नळाच्या गळतीचा डाग गोल किंवा खाली ओघळणारा असतो. चढणाऱ्या ओलीची रेघ आडवी, जवळपास सरळ, बहुधा कमरेच्या आत-बाहेर असते आणि तिच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. तो लोणा म्हणजे पाण्याबरोबर आलेले क्षार. पाणी उडून जाते, क्षार राहतात आणि गिलावा पोपड्यांनी सोडवतात. भिंतीच्या पायावर ओल अडविणारा थर नसेल किंवा तो झाकला गेला असेल तर असे होते. आमच्या बाजारात झाकला जाण्याचे मोठे कारण म्हणजे रस्ता. जुना रस्ता न उकरता त्यावर सिमेंटचा नवा थर पडतो, दर वेळी रस्ता वीतभर उंच होतो, आणि एके काळी दोन पायऱ्या चढून जावे लागे ते दुकान आज रस्त्याच्या पातळीला किंवा खाली येते. गटाराचे पाणी मग पायाकडे वळते. येथे आतून कितीही महाग रंग लावला तरी व्यर्थ. पाणी बाहेरच तोडावे लागते.

काळ्या मातीचा हिशेबही यात धरावा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे उथळ पायाचे बांधकाम थोडे वर-खाली होत राहते, आणि त्याबरोबर जमिनीतील सिमेंटच्या किंवा खापरी नळांचे सांधे सुटतात. उन्हाळ्यात सगळीकडे भेगा पडलेल्या असताना अंगणात एकच पट्टा मऊ व हिरवा दिसत असेल तर त्याखालून नळ जातो का ते पाहावे.

पावसाची गळती शोधताना गच्चीच्या मध्यापेक्षा कडांकडे आधी पाहावे. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३६० लिटर पाणी जमते, आणि त्याला एक-दोन पन्हाळींतूनच बाहेर जायचे असते. पाला, पतंगाचा कागद किंवा चेंडू अडकला की पाणी कठड्याच्या कोपऱ्यात साचते. कठडा आणि स्लॅब यांच्या जोडावर गवंडी गोल वाटा करतात, तो फुटलेला असतो. पाऊस संपल्यावर शोध करायचा असेल तर नळीने पाणी मारावे, पण नेहमी खालून वर जावे: आधी खिडकीखाली, मग खिडकी, मग छज्जा, मग कठडा, आणि प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा तास. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून वाहते आणि कोणते तोंड दोषी ते कळत नाही. माळवदाच्या घरांना हा त्रास नव्हता असे नाही, पण तेथे दर साली मृगाआधी पांढरी माती टाकून पाय दिले जात. स्लॅब झाल्यावर लोकांनी गच्चीवर जाणेच सोडले.

व्यापाऱ्यांसाठी विम्याविषयी दोन शब्द. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे, आणि घरांसाठी भारत गृह रक्षा. पाण्याची टाकी किंवा नळ अचानक फुटून वा वाहून झालेले नुकसान यांत धरलेले आहे. महिनोन्‌महिने हळूहळू झिरपून झालेली खराबी ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर भरपाई मागणे कठीण जाते. म्हणून डाग दिसला त्या दिवशीच फोटो काढून तारीख टिपावी. ज्यांच्या मुलांनी शहरात फ्लॅट घेतले आहेत त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, त्या कायद्याखालील प्रकल्पात, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळविला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे छतातून येणारे पावसाचे पाणी व बाहेरील सामायिक नळांची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. सभासदाच्या घरातील आतल्या नळांची गळती त्याची स्वतःची. म्हणजे गळती कोठून येते हे सिद्ध झाल्याशिवाय खर्च कोणाचा हेही ठरत नाही, आणि अर्ज लिहिताना त्या दोन वह्या तेथेही कामास येतील.

राहता राहिला रंगाऱ्याचा प्रश्न. गळती बंद झाली की सणाच्या आत भिंत रंगवून घेण्याची घाई सर्वांना असते. थंड देशांत बांधकामवाले ढोबळ हिशेब करतात की भिंतीच्या दर इंच जाडीला वाळायला एक महिना लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इतका वेळ लागत नाही, पण नऊ इंची भिंत आठवड्यात वाळत नाही हे नक्की. आधी लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा, पाण्याने धुऊ नये, नाहीतर क्षार पुन्हा आत जातात. मग हातभर चौरस प्लास्टिक घेऊन चारही बाजू चिकटपट्टीने भिंतीला पक्क्या लावाव्यात आणि चोवीस तासांनी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले असेल तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला जमले असेल तर ओल हवेतली आहे, खिडकी उघडी ठेवावी. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या म्हणजे रंगाऱ्याला बोलवावे, आणि तोपर्यंत कापडाचे रॅक भिंतीपासून चार बोटे पुढे व जमिनीपासून वीतभर वर ठेवावेत.